पत्त्याने ओळखले जाणारे जनुक

फळमाशीवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जनुकांना नावे देताना एक चमत्कारिक रीत पाळली. जनुक बिघडले असता माशीत जे वैगुण्य दिसते, तेच त्या जनुकाचे नाव. टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. तेव्हापासून डोळ्याला लाल रंग देण्याच्या कामी येणारे जनुक 'व्हाइट', म्हणजे 'पांढरे', या नावाने ओळखले जाते. ज्याच्यावाचून पंख येत नाहीत ते 'विंगलेस'. असलेल्या गुणाऐवजी उणिवेवरून नाव पाडण्याची ही पद्धत थोडी क्रूर आहे, पण तिला निदान काही अर्थ आहे. मानवी जनुकांच्या नामकरणात याहून कोरडी एक रीत रूढ झाली. जे जनुक काय करते हे ठाऊक नाही, त्याला गुणाचे नाव द्यायचे नाही आणि दोषाचेही नाही. त्याचा केवळ पत्ता लिहून ठेवायचा.

'सी९ओआरएफ७२' हे असेच एक नाव. सी म्हणजे क्रोमोसोम, अर्थात गुणसूत्र. नऊ हा त्या गुणसूत्राचा क्रमांक. ओआरएफ म्हणजे 'ओपन रीडिंग फ्रेम', मराठीत मुक्त वाचनचौकट. आणि ७२ हा यादीतला अनुक्रम. 'नवव्या गुणसूत्रावर वाचता येण्याजोगा दिसलेला बहात्तरावा मजकूर', एवढेच हे नाव सांगते. मजकूर आहे, वाचता येईलसे दिसते, अर्थ ठाऊक नाही. अर्थ न कळलेल्या मजकुराशी ज्यांचा रोजचा संबंध येतो अशा साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या जनुकाचा इतिहास सांगावा, असे आम्हांस वाटले. वाचणे आणि समजणे यांत किती अंतर असू शकते आणि त्या अंतराची किंमत कोण मोजतो, हे या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

प्रारंभ 'जीन' या शब्दापासूनच करावयास हवा. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ साली तो रूढ केला, तेव्हा कोणत्याही गृहीतकाचे ओझे नसलेला शब्द त्यांना हवा होता. आनुवंशिक गुणांमागे काही घटक आहेत, एवढेच त्यांना सुचवायचे होते. तो घटक कशाचा बनलेला आहे, कसा काम करतो, याविषयी शब्दाने मौन पाळावे अशी त्यांची इच्छा होती. ते मौन फार काळ टिकले नाही. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिन येथे दिलेल्या आणि १९४४ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत गुणसूत्रांना सांकेतिक लिपीची उपमा दिली. १९५३ साली डीएनएची दुपेडी रचना उलगडली आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जीवशास्त्राची सारी परिभाषा लेखनाच्या व्यवहारातून उचलली गेली. डीएनएवरून आरएनए तयार होते ते 'प्रतिलेखन'. आरएनएवरून प्रथिन तयार होते ते 'भाषांतर'. चार रासायनिक घटक ही 'अक्षरे'. तीन-तीन अक्षरांचा एक 'शब्द'. प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल. कोठे आरंभ करायचा आणि कोठे थांबायचे हे सांगणारे शब्द निराळे. रूपक इतके सोयीचे ठरले की ते रूपक आहे याचेच विस्मरण होऊ लागले.

या परिभाषेतील 'वाचनचौकट' ही कल्पना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते. या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरांची सलग ओळ असते आणि वाचणारे यंत्र, म्हणजे पेशीतील रायबोसोम, तीन-तीन अक्षरे घेत पुढे सरकते. आरंभ एका अक्षराने पुढे सरकला की सगळे शब्द बदलतात. वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. 'राम' म्हणता येईना म्हणून तो 'मरा, मरा' म्हणत राहिला आणि जपाच्या ओघात 'राम, राम' उमटू लागले. अक्षरे तीच, क्रम तोच. चौकट मात्र एका अक्षराने सरकली. पुनरावृत्ती असली तरच हे घडू शकते. 'मरा' एकदाच म्हटले असते तर त्यातून 'राम' निघाला नसता.

हाच चमत्कार प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणणारे शास्त्रज्ञ हरगोविंद खोराना होते. पंजाबातील रायपूर या लहान गावी, आजच्या पाकिस्तानच्या हद्दीत, त्यांचा जन्म झाला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी एकाच अक्षरगटाची पुनःपुन्हा आवृत्ती असलेले आरएनएचे धागे तयार केले आणि पेशीतून काढलेल्या अर्कात ते वाचावयास दिले. यू आणि सी ही दोन अक्षरे आलटून पालटून आली की यूसीयू आणि सीयूसी हे दोन शब्द आलटून पालटून वाचले जात आणि सेरीन व ल्यूसीन या दोन अमिनो आम्लांची माळ तयार होई. ए-ए-जी या तीन अक्षरांची आवृत्ती वाचावयास दिली तेव्हा तीन निरनिराळ्या माळा मिळाल्या: एक केवळ लायसीनची, एक आर्जिनीनची, एक ग्लुटामिक आम्लाची. त्या धाग्यांवर आरंभाची खूण नव्हती. नळीतील मॅग्नेशियमचे प्रमाण वाढवलेले असल्यामुळे रायबोसोम हवे तेथून वाचू लागे, आणि एकाच मजकुराची तिन्ही वाचने एकाच वेळी होत. जनुकीय संकेत उलगडण्याच्या या कामासाठी खोरानांना मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभाच्या खुणेवाचून होणारे वाचन ही तेव्हा नळीतील कृत्रिम परिस्थितीची सवलत मानली गेली. जिवंत पेशी असे करीत नाही, असा समज होता. तो समज पुढे कसा मोडला हे यथावकाश येईलच.

१९७७ साली आणखी एक धक्का बसला. प्राण्यांच्या जनुकांतील मजकूर सलग नसतो, असे दिसून आले. प्रथिनाचा मजकूर तुकड्यांत विखुरलेला असतो आणि मध्ये असे भाग असतात की जे प्रतिलेखनात उतरतात, पण भाषांतरापूर्वी कापून टाकले जातात. पहिल्या भागांना एक्झॉन आणि दुसऱ्यांना इंट्रॉन अशी नावे पडली. इंट्रॉन म्हणजे जणू पोथीतला तो मजकूर की जो नकलकाराने उतरवायचा पण पुराणिकाने वाचायचा नाही. त्यांना काही अर्थ असेल असे कित्येक वर्षे फारसे कोणास वाटत नव्हते.

ही सगळी सामग्री घेऊन १९९० साली मानवी जनुकसंचयाचा प्रकल्प सुरू झाला. २६ जून २००० रोजी वॉशिंग्टन येथे कच्चा आराखडा तयार झाल्याची घोषणा झाली, तेव्हा ईश्वराने ज्या भाषेत जीवन निर्माण केले ती भाषा आपण आता शिकत आहोत, अशा आशयाचे उद्गार अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढले. वस्तुतः त्या दिवशी भाषा कोणीच शिकले नव्हते. अक्षरे मात्र बहुतेक सगळी उतरवून झाली होती. २००१ साली आराखडा प्रसिद्ध झाला, २००३ साली प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, २००४ साली नवव्या गुणसूत्राचा तपशीलवार पाठ प्रसिद्ध झाला. संगणक त्या अक्षरांच्या रांगांतून जेथे बराच वेळ थांबण्याचा शब्द येत नाही अशा जागा शोधत आणि तेथे जनुक असावे असे अनुमान करीत. अशा जागांना पत्त्यावरून नावे दिली गेली. मानवी जनुकांची संख्या आज सुमारे वीस हजार धरली जाते. त्यांतील मोजक्या जनुकांवर शोधनिबंधांचे डोंगर उभे आहेत. कर्करोगाशी निगडित असलेले टीपी५३ हे त्यांत अग्रभागी. उरलेल्यांपैकी पुष्कळ अजून अंधारातच आहेत. ज्या ग्रंथावर टीका आहे त्यावरच आणखी टीका लिहिली जाते आणि बाकीचे बासनात राहतात, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांस नवा नाही.

सी९ओआरएफ७२ बासनातून बाहेर आले ते दोन रोगांमुळे. त्यांचा इतिहास वेगळाच आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात सुरू होतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ पासून एका रोगाचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्यास ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हे नाव दिले. त्याचे संक्षिप्त रूप एएलएस. स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या चेतापेशी यात मरतात. हात, पाय, जीभ, घसा आणि शेवटी श्वास, असे एकेक साधन निकामी होते. रुग्ण बहुधा निदानानंतर काही वर्षांतच दगावतो. अमेरिकेत लू गेरिग या बेसबॉलपटूस १९३९ साली हा रोग असल्याचे निष्पन्न झाले, १९४१ साली तो वारला, आणि तेथे रोगाला त्याचेच नाव पडले. दुसऱ्या रोगाचे पहिले वर्णन १८९२ साली प्राग येथे आर्नोल्ड पिक यांनी केले. त्यांच्या वृद्ध रुग्णाची भाषा हळूहळू नाहीशी होत गेली होती आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा ठरावीक भागच आक्रसलेला आढळला. कपाळामागील आणि कानशिलांलगतच्या मेंदूच्या या ऱ्हासाला पुढे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणू लागले. यात स्मरणशक्ती आरंभी बऱ्यापैकी शाबूत असते. बदलतो तो माणसाचा स्वभाव: संकोच जातो, सहानुभूती आटते, घरच्यांना तो परका वाटू लागतो. काही रुग्णांत भाषा जाते. शब्द आठवत नाहीत किंवा ऐकलेल्या शब्दाचा अर्थच लागत नाही. पिक यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला आणि व्याकरण हरवलेल्या बोलण्यावर १९१३ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एका रोगात बोलायचे काय हे कळते पण जीभ हलत नाही. दुसऱ्यात जीभ हलते पण बोलण्याजोगे काही उरत नाही. शंभर वर्षे हे दोन रोग दोन निराळ्या दालनांत राहिले. एक स्नायूंच्या तज्ज्ञांकडे, दुसरा मनाच्या तज्ज्ञांकडे. तथापि काही कुटुंबांत असे दिसे की एका भावाला पहिला रोग झाला, बहिणीला दुसरा, आणि एखाद्या मावशीला दोन्ही. २००६ साली फिलाडेल्फियातील संशोधकांनी दोन्ही रोगांतील मेंदूपेशींत टीडीपी-४३ या एकाच प्रथिनाच्या गुठळ्या असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी एक स्कँडिनेव्हियन आणि एक डच अशा दोन मोठ्या कुटुंबांच्या अभ्यासातून दोष नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर कोठेतरी असल्याचे निष्पन्न झाले. २०१० साली फिनलंडमधील रुग्णांच्या पाहणीनेही त्याच जागेकडे बोट दाखविले.

घराचा मोहल्ला सापडला, घर सापडेना. संशोधकांनी त्या टापूतील जनुकांचे एक्झॉन पुनःपुन्हा तपासले. प्रथिनाच्या मजकुरात कोठेही चूक नव्हती. चूक होती ती इंट्रॉनमध्ये, न वाचावयाच्या भागात. तेथे चार जी आणि दोन सी, अशी सहा अक्षरे आवर्तनात येतात. बहुतेक निरोगी माणसांत ती दोन-चार वेळा येतात, फार तर वीस-पंचवीस वेळा. रुग्णांत ती शेकडो, कधी हजारो वेळा आलेली असतात. नकल करताना लेखनिकाची नजर सरकून एकच ओळ पुनःपुन्हा लिहिली जावी, तसे हे आहे. शोधण्याच्या रूढ पद्धती अशा ठिकाणी हटकून फसत. आखूड तुकडे वाचून ते जुळवणाऱ्या यंत्राला एकसारख्या तुकड्यांतून मूळ लांबी कळत नाही, आणि जी व सी यांनी खच्चून भरलेला भाग प्रतींच्या साखळी अभिक्रियेत नीट वाढतही नाही. कसोटीत दोष उतरलाच नाही की मजकूर निर्दोष दिसे. सप्टेंबर २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांचे निबंध 'न्यूरॉन' या नियतकालिकात प्रकट झाले: एक फ्लॉरिडातील मेयो क्लिनिकच्या रोझा राडेमाकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेतील ब्रायन ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. युरोपीय वंशाच्या लोकांत आनुवंशिक एएलएसच्या सुमारे चाळीस टक्के आणि आनुवंशिक फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या सुमारे पंचवीस टक्के रुग्णांमागे हे एकच कारण असल्याचे त्यानंतर दिसून आले. आशियात हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, पण भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

कारण सापडले, पण कारण म्हणजे अर्थ नव्हे. इंट्रॉनमधील पुनरावृत्तीने पेशी का मरावी, याची तीन उत्तरे पुढे आली, आणि ती एकाच संहितेच्या तीन भाष्यांसारखी परस्परांशी भांडत राहिली. पहिले भाष्य असे की या गर्दीमुळे जनुकाचा आवाज दबतो. त्याचे नेहमीचे प्रथिन पुरेसे तयार होत नाही. दुसरे असे की पुनरावृत्तीने लांबलेले आरएनएचे धागे पेशीकेंद्रात गुंता करून बसतात आणि इतर प्रथिनांना अडकवून ठेवतात. तिसरे सर्वांत विलक्षण. २०११ सालीच लॉरा रॅनम यांच्या गटाने दुसऱ्या काही रोगांच्या संदर्भात दाखवून दिले होते की विशिष्ट पुनरावृत्ती असेल तर जिवंत पेशीतही रायबोसोम आरंभाच्या खुणेवाचून वाचू लागतो. २०१३ साली जर्मनी आणि अमेरिकेतील गटांना सी९ओआरएफ७२ च्या रुग्णांच्या मेंदूत नेमके हेच आढळले. न वाचायचा मजकूर वाचला जात होता, आणि तोही तिन्ही चौकटींत.

सहा अक्षरे एका चौकटीत वाचली की ग्लायसीन-ॲलनीन, ग्लायसीन-ॲलनीन अशी माळ. चौकट एका अक्षराने सरकली की ग्लायसीन-प्रोलीन. आणखी एकाने सरकली की ग्लायसीन-आर्जिनीन. डीएनएच्या समोरच्या पेडावर तोच मजकूर उलट अंगाने असतो. त्याच्या वाचनातून आणखी दोन नव्या माळा. निसर्गात ज्यांना काही काम नाही अशी ही पाच निरर्थक प्रथिने. खोरानांनी नळीत जे मुद्दाम घडविले, ते येथे रुग्णाच्या मेंदूत आपोआप घडत होते. वाल्याच्या जपात 'मरा' चे 'राम' झाले; या जपात उलट दिशेने प्रवास झाला.

तिसरे भाष्य तपासण्यासाठी लंडनमधील संशोधकांनी २०१४ साली केलेला प्रयोग साहित्याच्या वर्गात सांगावा इतका सुंदर आहे. शब्द आणि अर्थ वेगळे करता येतात काय, हाच त्यांचा प्रश्न होता. एका अमिनो आम्लासाठी जनुकीय संकेतात बहुधा एकाहून अधिक शब्द असतात, पर्यायी शब्दांसारखे. त्यांनी पर्यायी शब्द वापरून पुनरावृत्तीचा मूळ मजकूर मोडला, पण त्यातून निघणारे प्रथिन तेच ठेवले. उलट दुसऱ्या मजकुरात पुनरावृत्ती जशीच्या तशी ठेवून मध्ये मध्ये थांबण्याचे शब्द पेरले, म्हणजे धागा राहील पण प्रथिन होणार नाही. हे मजकूर फळमाशीत घातले. आर्जिनीन असलेल्या माळा तयार करणाऱ्या माश्यांत ऱ्हास झाला; केवळ धागा असलेल्या माश्या तगल्या. म्हणजे माशीपुरता तरी दोष अक्षरांत नव्हता, भाषांतरात होता. परंतु माशी म्हणजे माणूस नव्हे. रुग्णांच्या मेंदूत या माळा जेथे दाट असतात तेथेच पेशी मरतात असे दिसत नाही. मरणाची जागा टीडीपी-४३ च्या गुठळ्यांशी अधिक जुळते. वाद मिटला नाही.

या वादात ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले ते म्हणजे जनुकाचे स्वतःचे, नेहमीचे प्रथिन. ४८१ अमिनो आम्लांचे हे प्रथिन करते तरी काय? प्रथम त्याच्या अक्षररचनेची तुलना इतरांशी करण्यात आली आणि २०१२-१३ च्या सुमारास ते 'डेन' नावाच्या कुलातील दूरचे नातलग असावे असे अनुमान निघाले. त्या कुलातील प्रथिने पेशीच्या अंतर्गत वाहतुकीचे काही रासायनिक खटके चालू करतात. तेव्हा हेही तसेच करीत असेल, असा तर्क झाला. २०१६ साली अनेक गटांना ते एकटे नसून एसएमसीआर८ आणि डब्ल्यूडीआर४१ या दोन प्रथिनांच्या संगतीत राहते असे आढळले. पेशीतील कचरा पचविणाऱ्या लायसोसोमशी आणि पेशीच्या स्वभक्षणाच्या प्रक्रियेशी या त्रिकुटाचा संबंध दिसतो. २०२० साली गोठवलेल्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील चित्रांतून त्रिकुटाची घडण उलगडली आणि कुलावरून केलेला तर्क डळमळला: हे त्रिकूट खटके चालू करण्याऐवजी बंद करीत असावे, आणि त्या क्रियेतील निर्णायक अमिनो आम्ल एसएमसीआर८ चे असावे, असे बर्कलीतील गटाने मांडले. मग सी९ओआरएफ७२ चे स्वतःचे कार्य कोणते? उंदरांतून हे जनुक समूळ काढले तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणा बिघडली, प्लीहा वाढली, परंतु स्नायूंच्या चेतापेशी मेल्या नाहीत. एएलएसमुळे प्रसिद्धीस आलेल्या जनुकाच्या अभावी एएलएस होत नाही. प्रथिनाचा अभाव एकट्याने मारक नसला, तरी विषारी माळांचा निचरा करण्याची पेशीची शक्ती त्याने घटत असावी, म्हणून दोन्ही कारणे मिळून घात करतात, असे आता पुष्कळांचे मत आहे.

हे भाष्यकारांचे वाद होते तोवर ठीक. परंतु या मजकुराची किंमत मोजणारी माणसे आहेत. हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो. अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांचा स्वभाव पालटताना आणि मामाचा श्वास थांबताना ज्याने पाहिले आहे, अशा तिशीतल्या निरोगी माणसाला एका चाचणीतून आपले अक्षर कळू शकते. काय कळते? दोष आहे एवढे. रोग कोणत्या वयात होईल, दोहोंपैकी कोणता होईल, होईलच की नाही, हे चाचणी सांगत नाही. अक्षर कळते, वाक्य कळत नाही. चाचणी करून घ्यावी की नाही, या प्रश्नाचे शास्त्राजवळ उत्तर नाही; ते त्या माणसाने द्यायचे असते.

उपाय साधा वाटत होता. दोषी मजकूर सापडला आहे, तर तो पुसावा. आरएनएला चिकटून त्याचा नाश घडविणारे कृत्रिम धागे तयार झाले आणि पाठीच्या कण्यातून रुग्णांना देण्यात आले. २०२२ साली पहिल्या चाचणीचा निष्कर्ष आला: लाभ नाही, सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांत तर प्रकृती अधिक वेगाने ढासळण्याकडे कल दिसला. २०२३ साली थांबविलेल्या दुसऱ्या एका चाचणीत मज्जाद्रवातील ग्लायसीन-प्रोलीन माळेचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले, रुग्णाच्या स्थितीत मात्र सुधारणा दिसली नाही. त्याच वर्षी एएलएसच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक प्रकारावर, १९९३ साली सापडलेल्या एसओडी१ या जनुकाच्या दोषावर, अशाच पद्धतीच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पद्धत एक, लिपी एक, फळ निराळे. एसओडी१ मध्ये विषारी काय आहे हे बऱ्याच अंशी ठाऊक होते: त्या जनुकाचे बिघडलेले प्रथिन. सी९ओआरएफ७२ मध्ये तीन भाष्यांपैकी नेमके कोणते खरे आणि हस्तक्षेप केव्हा करावयास हवा होता, हे ठरले नव्हते.

रूपकाचा प्रश्न येथे पुन्हा पुढे येतो. जनुकसंचय हा ग्रंथ आहे, या कल्पनेने शास्त्राला पुष्कळ दिले. वाचनचौकटीची कल्पना नसती तर पाच माळांचे कोडे सुटले नसते. तरी ग्रंथाला वाचक बाहेरचा असतो, आणि त्याने पान मिटले की वाचन थांबते. पेशीत मजकूर आणि वाचक एकाच घरात राहतात. वाचक मजकुरातून घडतो, मजकूर वाचकाच्या हातून झिजतो, आणि जे पान वाचण्यासाठी नव्हते तेही वाचले जाते. शिवाय ग्रंथ या रूपकात एक गृहीत दडलेले आहे की लिहिणाऱ्याचा काही हेतू होता, म्हणून अक्षरे उतरवली की अर्थ हाती येईलच. २००० सालच्या त्या घोषणेत हेच गृहीत होते. सहा अक्षरांच्या आवर्तनामागे कोणाचाच हेतू नाही. तेथे अर्थ शोधायचा म्हणजे परिणाम शोधायचा, एकेका माशीत, उंदरात, माणसात. आणि ते काम अक्षरे उतरवण्याहून कितीतरी मंद गतीने चालते.

योहान्सेनला हवा होता तसा, गृहीतकांचे ओझे नसलेला शब्द शंभर वर्षांनंतर मिळाला तो सी९ओआरएफ७२ सारख्या नावांत. ऐकायला ती रुक्ष लागतात, पण ठाऊक नसलेले ठाऊक आहे असे ती म्हणत नाहीत. नामकरण समितीचा शिरस्ता असा की कार्य कळले की पत्ता काढून खरे नाव द्यायचे. या जनुकाचे संक्षिप्त नाव मात्र रोगाच्या साहित्यात इतके रुळले आहे की ते तसेच ठेवण्यात आले. विस्तारित नाव तेवढे बदलले. ते आता 'सी९ओआरएफ७२-एसएमसीआर८ संकुलाचा घटक' असे आहे. म्हणजे सी९ओआरएफ७२ कोण, तर सी९ओआरएफ७२ ज्यात असते त्या संकुलातील एक. सोबत्याचे नाव पाहावे तर एसएमसीआर८ हाही स्मिथ-मॅजेनिस नावाच्या एका वेगळ्याच विकाराच्या टापूतील आठव्या क्रमांकाचा पत्ता. डब्ल्यूडीआर४१ हे नाव केवळ एका आकाराचे आणि अनुक्रमाचे. तिघेही परस्परांची ओळख परस्परांवरून करून देतात.

ही स्थिती हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कोशात एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यावरून आणि दुसऱ्याचा पहिल्यावरून दिलेला आढळला की आपण कोश मिटून तो शब्द वापरणाऱ्यांकडे जातो. या बाबतीत तो वापर पाहण्याचे काम एएलएस आणि डिमेन्शियाचे रुग्ण, मृत्यूनंतर मेंदू देणारी त्यांची कुटुंबे आणि लाभाची हमी नसताना चाचण्यांत नाव नोंदविणारी माणसे यांच्यामुळेच शक्य झाले आहे. फसलेल्या चाचण्यांतूनही एक गोष्ट निश्चित कळली: एक माळ कमी केल्याने भागत नाही. एवढे एक वाक्य लिहिता येण्यासाठी जे लागले ते पाहता, उरलेल्या हजारो पत्त्यांपैकी कित्येकांची दारे अजून कोणी वाजवलेलीही नाहीत, हे आम्हांस अधिक अस्वस्थ करते.